मुलगा प्रत्येक खेळणं उघडून बसतो. थांबवू की क्लासला घालू?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. त्या घरी आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ करून विकतात. नवरा रिक्षा चालवतो. मुलगा सहावीत आहे, मुलगी आठवीत. सेलवर चालणारं कुठलंही खेळणं हातात पडलं की मुलगा ते उघडून बसतो. गेल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या मामाने रिमोटची गाडी आणली. गौरी जायच्या आत ती सुटी झाली आणि आजवर जुळलेली नाही. मामा दुखावला. आजी म्हणते, "ह्याच्या हातात गेला काय मोडला." वडिलांचा राग मात्र वेगळा आहे. रिक्षाचं बारीकसारीक काम ते स्वतःच करतात, पण मुलाच्या हातात पाना दिसला की म्हणतात, "मी पण हेच करत बसलो म्हणून आज रिक्षा चालवतोय. अभ्यासाला बस." शाळेत विज्ञानात मुलाला जेमतेम मार्क पडतात. तालुक्याच्या गावी रोबोटिक्सचा क्लास निघाला आहे. फी जड आहे, तरी पोटाला चिमटा घेऊन भरता येईल. आईचा प्रश्न असा: याला थांबवू, की क्लासला घालू? हा नाद कामाला येईल, की नुसती मोडतोड आहे? पत्रात जाता जाता आणखी एक वाक्य आहे: "मुलगी शेजारी बसून त्याला स्क्रू शोधून देते."

ताई,

त्याला थांबवू नका, आणि क्लासची फीसुद्धा या वर्षी भरू नका. पण "करतोय ना काहीतरी, करू दे" असं म्हणून त्याला मोकळं सोडावं, असंही मला वाटत नाही. नुसतं उघडण्यात विज्ञान फारसं नसतं. स्क्रू काढले, झाकण निघालं, आतल्या वायरी दिसल्या, की गंमत संपते. तुमच्या पत्रात तो काय काय उघडतो याची यादी आहे, कशासाठी उघडतो हे कुठेच नाही. बंद पडलेलं खेळणं उघडतो की चालू असलेलं, तेही कळत नाही. हे आधी बघा.

फरक पडतो तो एका सवयीने. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी त्याने मोठ्याने सांगायचं: बिघाड कुठे असेल असं मला वाटतं, आणि का वाटतं. मग उघडायचं आणि बघायचं. अंदाज चुकला तर दुसरा बांधायचा. खेळणं दुरुस्त झालं नाही तरी चालेल, पण अंदाज न सांगता झाकण निघता कामा नये. घरात एवढा एकच नियम कडक ठेवा, बाकीचे सैल असले तरी हरकत नाही.

म्हणजे नेमकं काय, ते एका बंद गाडीवर सांगते. बटण दाबलं की आवाज येतो का? मोटरची घरघर ऐकू येते आणि चाक फिरत नाही, तर वीज मोटरपर्यंत पोचते आहे. बिघाड पुढे, गिअरमध्ये आहे. बहुतेक वेळा मोटरच्या दांड्यावरचं छोटं प्लॅस्टिकचं गिअर चिरतं आणि दांड्यावर नुसतंच घसरत राहतं. आवाजच नाही, तर दोष विजेच्या वाटेवर आहे: सेल, सेलचे पत्रे, बटण, वायर किंवा खुद्द मोटर. आता एक-एक तपासत बसण्यापेक्षा वाट मधोमध तोडायची. दोन नवे सेल घ्यायचे, दोन वायरी थेट मोटरच्या टोकांना लावायच्या. फिरली, तर मोटर निर्दोष आहे आणि दोष तिच्या अलीकडे. नाही फिरली, तर अलीकडचं सगळं सोडून मोटरकडे वळायचं. एका चाचणीत निम्मं खेळणं संशयातून बाहेर पडतं. डॉक्टर रोगाचं निदान करताना, वायरमन गावात गेलेली लाइट शोधताना हेच करतात. सहावीतल्या मुलाला हे एकदा हातात बसलं, की पुस्तकातलं प्रयोगाचं पान त्याला परकं वाटणार नाही.

आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त बिघाड कुठे निघतो, ते तुम्हीही सांगू शकाल. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज, सायकलची चेन, गेटची बिजागरी खाल्ली जाते. तोच वारा सेलच्या घरात शिरतो. स्प्रिंग गंजते, पितळेच्या पत्र्यावर हिरवा कळंक चढतो. मिठाला ओल ओढायची सवय असते, आणि मिठाची ओल विजेला वाट देते, म्हणून धातू इथे भराभर गंजतो. मुलांना तीन खिळे द्या: एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात, तिसरा खोबरेल लावून नुसता हवेत. आठवडाभर रोज बघून लिहू दे. समुद्रकाठी राहणाऱ्या मुलाला हा धडा घरबसल्या मिळतो, त्यासाठी कुठल्या क्लासची गरज नाही.

पावसाळाभर सेल आतच राहिलेली खेळणी उघडली की पांढरी भुकटी सापडते. अल्कलाइन सेल फुटून बाहेर आलेला हा क्षार त्वचेला आणि डोळ्यांना वाईट. म्हणून हे काम तुम्ही शेजारी असतानाच व्हावं, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या का होईना चढवून. पण विज्ञान इथेच मुबलक आहे. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद घ्या. कापसाची काडी ओली करून भुकटीला लावा आणि मग त्या कागदावर टेका. भुकटी अल्कलाइन सेलची असेल तर पिवळ्याचा लाल डाग पडेल. हळदीत चुना घातला की लाल होतं, हे तुम्ही कुंकवामुळे जाणताच. चुना आणि ही भुकटी एकाच जातीची, अल्कली. अल्कली मारायला आम्ल हवं, म्हणून हा पत्रा लिंबाने किंवा व्हिनेगरने पुसायचा. थोडं फसफसलं तर ते का, हा प्रश्न मुलाला विचारा. घरात आगळाच्या बाटल्या आहेत म्हणून आगळ मात्र वापरू नका. आंबट आहे हे खरं, पण त्यात मीठ असतं, आणि ज्या मिठाने पत्रा खाल्ला तेच पुन्हा चोपडल्यासारखं होईल. पुसून झालं की साध्या पाण्याचा बोळा फिरवायचा, पूर्ण कोरडं करायचं, पॉलिश पेपरने पत्रा घासून चकचकीत करायचा. बऱ्याच गाड्या इथेच चालू होतात.

आता मोटर. जळलेली, टाकून द्यायची एखादी मोटर असेल तर ती त्याला पूर्ण सोडवू द्या. मागचे दोन वाकवलेले कान सरळ केले की टोपण निघतं. आत वाकड्या कौलासारखे दोन लोहचुंबक, मध्ये तांब्याची तार गुंडाळलेला तीन बाजूंचा गाभा, आणि दांड्याच्या टोकाशी तांब्याचं तीन तुकड्यांत चिरलेलं कडं, म्हणजे कम्युटेटर. त्या कड्याला टोपणातल्या दोन पातळ पट्ट्या दोन्ही बाजूंनी टेकतात. वीज पट्टीतून कड्यात, कड्यातून तारेत जाते. तार तात्पुरती चुंबक होते, बाजूच्या चुंबकाकडे ओढली जाते, तिथे पोचते न पोचते तोच कड्याचा पुढचा तुकडा पट्टीखाली येतो आणि ओढ पुढे सरकते. तार पोचते कुठेच नाही, म्हणून फिरतच राहते. त्याला एक प्रश्न विचारा आणि उत्तर सांगू नका: गुंडाळ्या तीनच का, दोन का नाहीत? दोनच असत्या तर एका ठिकाणी दोन्ही बाजूंची ओढ सरळ रेषेत येऊन मोटर अडकून पडली असती, हे त्याला हाताने दांडा फिरवता फिरवता सुचायला महिना लागला तरी लागू दे.

हा सगळा विषय दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' या प्रकरणात येतो, फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमासकट. दहावीत पोरं ती आकृती घोकतात, कारण त्यातलं कडं त्यांनी कधी नखाने खरवडलेलं नसतं.

चालू मोटर हातात असेल तर आणखी एक गोष्ट करून बघा. तिला सेल जोडूच नका, त्याऐवजी एक लाल एलईडी जोडा आणि गिअरसकट चाक जोरात फिरवा. एलईडी क्षणभर लुकलुकेल. नाही लुकलुकला तर त्याचे पाय उलटे जोडा, कारण एलईडीतून वीज एकाच बाजूने जाते. विजेने फिरणारं यंत्र फिरवलं की वीज देतं. मायकेल फॅरेडेने १८३१ साली हेच दाखवून दिलं. लोहाराचा मुलगा होता तो, पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी केलेला. आणि आपल्याच कोकणात, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला, कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरून टर्बाइन फिरवतं आणि मग वाशिष्ठीत जातं. तिथली जनित्रं अवाढव्य आहेत, पण तत्त्व या एलईडीचंच. मुलांना तिकडच्या बाजूला कधी नेलंत तर ती नदी दाखवताना हे आठवणीने सांगा.

तुमच्या यजमानांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मला वाटतं खरी गाठ तिथे आहे. मुलगा हातात पाना धरतो तेव्हा त्यांना स्वतःचं आयुष्य पुन्हा घडताना दिसतं. या भीतीला हसण्यावारी नेऊ नका. पण तिच्यामागे एक समजूत आहे, हाताने काम करणाऱ्याचं डोकं अभ्यासात चालत नाही अशी. आपल्याकडे ती फार जुनी आहे आणि तिने पुष्कळ नुकसान केलं आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो ही समजूत मोडायलाच. काम करता करता शिकायचं, हा तिथला पाया. कलबाग स्वतः शास्त्रज्ञ होते.

यजमान रिक्षा चालू होत नसेल तेव्हा काय करतात ते आठवा. किक मारून आवाज ऐकतात, प्लग काढून त्याचा रंग बघतात, पेट्रोल येतंय का पाहतात. मगच पाना उचलतात. बॅटरीच्या टर्मिनलवर साठलेली भुकटी गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावतात. मी वर लिहिलेला नियम ते रोज पाळतात, फक्त मनातल्या मनात. त्यांना "मुलाला दुरुस्ती शिकवा" असं सांगू नका, चिडतील. एवढंच सांगा, की पुढच्या वेळी रिक्षा बिघडली की जे मनात चाललंय ते तोंडाने बोला, आणि मुलगी-मुलगा दोघं बाजूला उभे असू देत. त्यांच्यापेक्षा चांगला शिक्षक त्या रोबोटिक्सच्या क्लासात भेटेल याची मला खात्री नाही. शिवाय मुलगा उद्या रिक्षा चालवेल की कोयनेच्या वीजघरात नोकरी करेल, हे खेळण्यातल्या मोटरवरून ठरत नाही. ती भीती या मोटरीवर काढू नये.

क्लासला मी नको का म्हणते? क्लास वाईट असतो म्हणून नव्हे. तिथल्या किटमध्ये सगळे भाग नवे असतात, एकमेकांत बसतात, कुठे काय लावायचं ते चित्रात दिलेलं असतं. शेवटी काय होणार ते शिकवणाऱ्याला आधीच माहीत असतं. बिघडलेल्या खेळण्यात काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं, आणि तुमच्या मुलाला ओढ त्याचीच दिसते. दोन वर्षांनी त्याला सेन्सर, प्रोग्रॅमिंग यांची गरज वाटू लागली तर तेव्हा फी जरूर भरा. त्याआधी तालुक्यातल्या एखाद्या हायस्कुलात अटल टिंकरिंग लॅब आहे का, याची चौकशी करा. नीती आयोगाच्या योजनेतल्या या प्रयोगशाळा सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच आहेत. आणि मोबाइलवर अरविंद गुप्ता यांचे टाकाऊतून खेळणी बनवायचे व्हिडिओ फुकट मिळतात. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याची इनॅमल केलेली तार एवढ्यात फिरणारी मोटर त्यांनी देशभरातल्या मुलांना करायला लावली आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं.

खर्च फार नाही. लहान स्क्रू ड्रायव्हरचा संच, एक चिमटा, एक पकड, मगरचिमट्याच्या चार वायरी, जमलं तर साधा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट वगैरे मोजायचं यंत्र. मल्टिमीटर आला तर एक खुबी सांगा: सेल नुसता मोजू नका, मोटर जोडलेली असताना मोजा. दमलेला सेल मोकळा असताना बऱ्यापैकी व्होल्ट दाखवतो आणि काम पडलं की घसरतो. खेळणी विकत घ्यायची तर मुळीच गरज नाही. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी येतात, त्यांना आधी फोन करून सांगा की मुलांची बिघडलेली खेळणी टाकू नका, पिशवीत घालून आणा. आंगणेवाडी, कुणकेश्वरच्या जत्रेत घेतलेल्या गाड्या आठ-पंधरा दिवसांत घरोघरी बंद पडतात, त्याही मागून घ्या. भंगारवाल्याला सांगून ठेवा. मालक "उघड" म्हणाल्याशिवाय दुसऱ्याचं खेळणं उघडायचं नाही, आणि भेट दिलेलं चालू खेळणं तर नाहीच. मामाचा राग त्यासाठी रास्त आहे. मुलाने त्याला फोन करून माफी मागावी आणि गाडीत आत काय सापडलं तेही सांगावं.

काही गोष्टींना मात्र पूर्ण बंदी. भिंतीतल्या प्लगला लागणारं काहीही उघडायचं नाही, चार्जर आणि अ‍ॅडॅप्टरसुद्धा, प्लगमधून काढलेला असला तरी. रिमोटच्या गाडीतला, ड्रोनमधला किंवा मोबाइलमधला चार्ज होणारा लिथियम सेल टोचायचा, दाबायचा, कापायचा नाही. फुगलेला दिसला तर तुम्हाला सांगायचं. गोल बटणासारखे सेल आणि मोटरमधले छोटे चुंबक डब्यात झाकण लावून ठेवायचे, कारण शेजारची लहान पोरं ते तोंडात घालतात. बटण-सेल घशात अडकला तर दोन तासांत आतली कातडी जाळू शकतो. तशी शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. सोल्डरिंग, म्हणजे वायरीला तापलेला डाग देऊन जोडणं, वडील शेजारी असतानाच, खिडकी उघडी ठेवून, आणि नंतर हात साबणाने धुऊन.

मार्कांचं काय? दुरुस्ती केल्याने मार्क वाढतील असं वचन मी देणार नाही. परीक्षेत वाक्यं लिहावी लागतात, आणि हाताला जे कळलं ते शब्दांत उतरायला वेगळी मेहनत लागते. म्हणून एक वही करा. प्रत्येक खेळण्याला एक पान: काय होत नव्हतं, मला काय वाटलं, तपासून काय निघालं, आणि एक आकृती. उघडताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो, म्हणजे परत जोडताना रडारड नाही. शुद्धलेखन तपासू नका. त्याच्या विज्ञानाच्या शिक्षकांना ही वही एकदा दाखवा. ज्या मुलाला ते 'जेमतेम' समजतात त्याची वेगळी ओळख त्यांना होईल.

आता तुमच्या मुलीविषयी. तुम्ही विचारलं नाहीत, पण तिच्याविषयी वाचून मला चैन पडेना. ती आठवीत आहे, धाकट्या भावाला स्क्रू शोधून देते, आणि तुमच्या प्रश्नात ती कुठेच नाही. तिला यात रस आहे की नाही हे कुणी विचारलं आहे का? मुलगा वस्तू उघडतो तो 'नाद' होतो, त्यावर चर्चा होते, क्लासचा विचार होतो. मुलगी तासन् तास शेजारी बसते ती 'मदत' होते. तिला एकदा स्क्रू ड्रायव्हर देऊन, भावाला स्क्रू शोधायला बसवा. रस नसेल तर ती स्वतःच उठून जाईल. आणि तुम्हीही जरा जवळ बसा. मिक्सरचा खालचा रबरी कपलर झिजला की भांडं फिरत नाही आणि मोटर मात्र घरघरते, हे पोळ्यांच्या हंगामात तुम्ही कितीदा अनुभवलं असेल. चिरलेल्या गिअरचा बिघाड नेमका तोच आहे.

दोघांना मिळून एक काम देता येईल. येत्या गणपतीत मखरामागे हळूहळू फिरणारं पुठ्ठ्याचं चक्र, बंद खेळण्यातल्या एका मोटरवर. खेळण्यातली मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, चक्र मात्र संथ फिरायला हवं. आठ दातांचं गिअर चाळीस दातांच्या गिअरला लावलं की वेग पाचपट कमी होतो, तसेच टप्पे एकापुढे एक लावत जायचं. आठवीच्या मुलीला हा हिशेब वहीत करता येईल, जुन्या गाड्यांतली गिअर भाऊ शोधून काढेल, आणि माटवीखाली तारा कुठून न्यायच्या ते वडील बघतील. एवढी छोटी मोटर दिवसभर चालवली तर तापून जाते, म्हणून फक्त आरतीपुरती चालू ठेवा. चक्र अडखळलं तर आत कुठे दोरा किंवा केस गुंडाळला आहे का बघा. फिरणारी मोटर स्वतःच सेलच्या उलट थोडी वीज तयार करत असते, त्याने करंट आवरला जातो. ती अडकली की हा आवर सुटतो आणि ती जळते. मामाच्या गाडीला मात्र इतक्यात हात लावू नका. तिच्यात सर्किट असतं, सेल उलटे बसले तर तेही जाऊ शकतं. साध्या, एका बटणाच्या खेळण्यांवर हात बसेपर्यंत ती सगळ्या स्क्रूंसकट एका डब्यात घालून, वर नाव लिहून, कोरड्या जागी ठेवून द्या.